आधी कीबोर्डवरून हात उचला : नेटहॅक शिकताना

गेल्या दिवाळीत भाची सुट्टीला आली होती. फराळाची बशी हातात घेऊन माझ्या लॅपटॉपमध्ये डोकावली आणि म्हणाली, “मावशी, लक्ष्मीपूजनाच्या दिवशीपण ऑफिसचं काम?” पडद्यावर एवढंच होतं:

-----------
|.....$...|
|..@......+
|.......<.|
|.%.......|
-----.-----

“काम नाही गं, खेळतेय,” मी म्हटलं. तिने बशी खाली ठेवली, पुन्हा निरखून बघितलं आणि विचारलं, “यात खेळ कुठाय?”

पुढचे चार दिवस तिला जे शिकवलं तेच इथे लिहून काढतेय, तिच्या आणि माझ्या चुकांसकट.

@ म्हणजे तुम्ही. ठिपके म्हणजे फरशी, रेघा म्हणजे भिंती. उजव्या भिंतीतलं + हे बंद दार. खालच्या भिंतीत रेघ तुटून ठिपका आलाय, ती नुसती चौकट. $ म्हणजे पैसे, % म्हणजे काहीतरी खाण्याजोगं, < वर जाणारा जिना आणि > खाली जाणारा. खोलीबाहेर # # # असं दिसतं ती बोळकांडी. ) हत्यार, [ अंगावर घालायची वस्तू, ! बाटलीतलं औषध, ? मंत्राची गुंडाळी, / जादूची कांडी. आणि इंग्रजी अक्षर दिसलं की समजायचं, ते जिवंत आहे आणि बहुधा आपल्यावर टपलंय. पाठ काही करू नका. अर्धविराम दाबा, कर्सर त्या चिन्हावर न्या, टिंब दाबा. खेळ स्वतःच सांगतो ते काय आहे. यात एकही चाल खर्च होत नाही. नवखे लोक हे विसरतात आणि मरतात. मीही विसरायचे.

खेळाचं नाव नेटहॅक: भुयारात मजल्यामागून मजला उतरत जायचं आणि तळचा एक ताईत घेऊन परत वर यायचं. नाव ऐकून भाचीला वाटलं कुणाचं तरी अकाउंट फोडायचंय. तसलं काही नाही. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी ‘रोग’ नावाचा खेळ केला. रोग म्हणजे आजार नव्हे, इंग्रजीतला लबाड माणूस. त्याची गंमत अशी की भुयार दर डावाला नव्याने तयार होतं. खोल्या वेगळ्या, जिने वेगळे, सापडणाऱ्या वस्तू वेगळ्या. मग १९८२ मध्ये अमेरिकेतल्या जे फेनलासन या शाळकरी मुलाने मित्रांना घेऊन त्याच धर्तीवर ‘हॅक’ लिहिला, अॅमस्टरडॅमच्या आंद्रिस ब्राउवर यांनी तो वाढवला, आणि १९८७ मध्ये माइक स्टीफन्सन यांनी वेगवेगळ्या आवृत्त्या एकत्र करून ‘नेटहॅक’ बाहेर काढला. ‘नेट’ एवढ्यासाठी की तो घडवणारी मंडळी नेटवरून एकमेकांशी बोलून काम करत. खेळायचा मात्र एकट्याने.

मला तो २००३ साली कोल्हापुरात एमसीए करताना भेटला. लॅबमध्ये लिनक्स होतं, इंटरनेट बहुतेक वेळा बंद असे. काळ्या पडद्यावर अक्षरं हलताना दिसली की सरांना वाटे पोरगी प्रोग्रॅम लिहितेय. इंटर्नलचे मार्क त्यामुळे बरे पडले. खेळ पहिल्यांदा जिंकले ते २०१६ मध्ये. मध्ये तेरा वर्षं गेली, म्हणजे माझ्याकडून कौशल्याच्या फार अपेक्षा ठेवू नका.

मिळवायचा कसा? फुकट आहे. विंडोजसाठी नेटहॅकच्या स्वतःच्या संकेतस्थळावर झिप फाइल मिळते. उबुंटू किंवा डेबियन असेल तर पॅकेजमध्ये ‘नेटहॅक-कन्सोल’ शोधा. चित्रांच्या टाइल्स लावलेली आवृत्तीही असते. मी अक्षरांचीच घ्या म्हणेन. अख्खा मजला एका नजरेत दिसतो, आणि आठवड्याभरात डोळ्यांना सवय होते. मग निळं ‘ए’ अक्षर दिसलं तरी पोटात गोळा येतो. तो का, ते पुढे येईलच.

डाव सुरू होताच मोठा ‘ओ’ दाबून सेटिंग्ज उघडा आणि दोन गोष्टी बघा. रंग चालू हवेत. आणि ‘टाइम’ नावाचा पर्याय चालू करा, म्हणजे खालच्या ओळीत ‘टी’पुढे आतापर्यंत झालेल्या चालींचा आकडा दिसेल. हा आकडा पुढे जीव वाचवतो. तिसरी गोष्ट, @ ही कळ दाबा. तिने वाटेत पडलेल्या वस्तू आपोआप उचलणं बंद किंवा चालू होतं. वर जो संदेश येतो तो वाचून बंद असल्याची खात्री करा. भुयारातली प्रत्येक वस्तू उचलायची नसते. काही शापित असतात, आणि काही दुकानातल्या असतात.

पात्र निवडताना तेरा प्रकार समोर येतात. व्हॅल्किरी, म्हणजे लढवय्यी बाई, घ्या, आणि वंश विचारला की ड्वार्फ, म्हणजे बुटक्यांची जात. हाताशी चांगली लांब तलवार, ढाल, अठरा हिट पॉइंट (जीव किती उरलाय त्याचा आकडा, खालच्या ओळीत दिसतो), अंधारात ऊब असलेले प्राणी दिसणारे डोळे, आणि पुढे लागणाऱ्या खाणीतले बहुतेक ड्वार्फ आणि नोम ही बुटकी मंडळी आपल्याला जातभाई मानून वाटेला जात नाहीत. भाचीला मात्र टूरिस्ट हवा होता. त्याच्याकडे हवाई शर्ट असतो, महागडा कॅमेरा असतो, खिशात भरपूर पैसे असतात; थोडक्यात, महाबळेश्वरला निघालेला माणूस. पहिल्याच मजल्यावर तीन कोल्ह्यांनी त्याला खाल्लं. दुसऱ्या टूरिस्टला एका उंदराने. तिसऱ्यानंतर ती मुकाट्याने व्हॅल्किरीवर आली.

आता कळा. चालायला एच डावीकडे, जे खाली, के वर, एल उजवीकडे. तिरकं जायला वाय, यू, बी, एन: पहिल्या दोन वरच्या कोपऱ्यांकडे, उरलेल्या दोन खालच्या. हे विचित्र वाटतं, पण त्याला कारण आहे: ‘व्हीआय’ हा जुना एडिटर ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर लिहिला गेला, त्याच्या कीबोर्डवर बाण याच चार कळांवर छापलेले होते. तिथून ही सवय सगळीकडे गेली. नको असेल तर सेटिंग्जमध्ये नंबर पॅड चालू करता येतो. मी मात्र म्हणेन दोन दिवस कळ काढा, बोटं शिकतात.

छोटं आणि मोठं अक्षर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. छोटा ‘डब्ल्यू’ हत्यार हातात घेतो, मोठा ‘डब्ल्यू’ चिलखत अंगावर चढवतो. छोटा ‘एस’ आजूबाजूला शोधतो, मोठा ‘एस’ डाव सेव्ह करून बंद करतो. छोट्या ‘जे’ने एक पाऊल पडतं, मोठ्या ‘जे’ने वाट अडेपर्यंत धावता. कॅप्स लॉक चुकून लागलं की काय होतं ते भाचीने एकदा अनुभवलं: एक पाऊल मागे सरकायचं होतं, ती पळत जाऊन खड्ड्यात पडली. बाकी रोजच्या कळा थोड्याच. ‘आय’ पिशवी दाखवतो, ‘ई’ खायला, स्वल्पविराम उचलायला, ‘क्यू’ प्यायला, ‘आर’ वाचायला, ‘झेड’ कांडी झाडायला, ‘टी’ फेकायला. दार कुलूपबंद असेल तर कंट्रोल-डी दाबून लाथ. फक्त दाराबाहेर धुळीत दुकान बंद असल्याचं लिहिलं असेल तर त्या दाराला लाथ मारू नका. दुकानदार आत असतो, आणि तो तुमच्यापेक्षा खूप बलवान असतो.

पहिल्या मजल्यावर तुमच्यासोबत कुत्र्याचं पिल्लू किंवा मांजर असेल. भाचीने कुत्र्याचं नाव मोती ठेवलं. सुरुवातीला तो तुमच्यापेक्षा चांगला लढतो, त्याला लढू द्या. जिना उतरताना तो अगदी शेजारच्या घरात असेल तरच बरोबर येतो, नाहीतर वरच राहतो. आणखी एक उपयोग कुणी सांगत नाही: कुत्रा शापित वस्तूवर सहसा पाय ठेवत नाही. ठेवलाच तर ‘नाइलाजाने पाय टाकला’ अशा अर्थाचा संदेश येतो. सापडलेलं चिलखत अंगावर घालण्याआधी जमिनीवर टाका, मोतीला दोनचारदा त्यावरून जाऊ द्या. बिनधास्त गेला तर घाला.

एक धोका पहिल्याच मजल्यावर आहे. तिथला < जिना भुयारातून बाहेर नेतो, म्हणजे डाव संपतो. खेळ विचारतो, परत येता येणार नाही, तरी चढायचं का? नाही म्हणा.

खाली जायचा जिना सापडत नसेल, बोळ मध्येच संपत असेल, तर तिथे लपलेलं दार असतं. आकडा आणि मग ‘एस’: १५ टाइप करून ‘एस’ दाबलं की पंधरा चाली शोध चालतो. कुणी समोर आलं तर आपोआप थांबतो. आणि एकापेक्षा जास्त शत्रू दिसले की मोकळ्या खोलीत उभं राहू नका. बोळात शिरा. बोळ एकाच घराइतका रुंद असतो, त्यामुळे सहा कोल्हे आले तरी समोर बहुधा एकच येतो. या एका युक्तीने पहिले चार मजले निघतात.

आता मुद्द्याचं. हा खेळ तुम्ही कळ दाबेपर्यंत हलत नाही. नागोबा फणा काढून समोर उभा असला तरी तुम्ही उठून गॅसवरचं दूध उतरवून येऊ शकता, चहा पिऊ शकता, उद्या सकाळी ठरवू शकता. तो तसाच उभा राहील. आणि तरी आपण मरतो ते घाईने. शत्रू दिसला की एकच कळ टकाटका दाबत राहतो आणि खालचा आकडा बघत नाही. मेलात की संपलं. सेव्ह केलेला डाव उघडताच ती फाइल खेळ पुसून टाकतो, मागे जाणं नाही. म्हणून आमच्या घरात एक नियम झाला. हिट पॉइंट निम्म्यावर आले की मी ओरडते, “हात वर!” म्हणजे कीबोर्डवरून दोन्ही हात उचलायचे. मग ‘आय’ दाबून पिशवी वाचायची, मोठ्याने, एकेक वस्तू.

भाऊबीजेच्या रात्रीचा प्रसंग सांगते. पाचवा मजला, चाली १८४२. एक निळं छोटं ‘ए’. सोल्जर अँट. ही मुंगी तुमच्या दोन पावलांत तिची तीन टाकते आणि एका फेरीत एकदा चावते, एकदा डंख मारते. भाचीचे ३१ पैकी ३१ होते. चोवीस झाले, पंधरा झाले. मी स्वयंपाकघरात होते, मला फक्त एकाच कळेचा टकटक आवाज ऐकू येत होता. बाहेर आले तर सात. “हात वर!” म्हणेपर्यंत तिने आणखी एकदा तलवार चालवली. चुकली. चार.

मी तिचं मनगट धरलं. “पिशवी वाच.” तलवार, सुरा, ढाल, एक फूड रेशन, दोन अनोळखी गुंडाळ्या, एक अनोळखी कांडी, एक जांभळं औषध. “देवाला हाक मारलीस का या डावात?” “नाही.” “चाली किती झाल्या?” तिने बघितलं. अठराशेच्या वर. “मग आता मार.”

हॅश, मग ‘प्रे’ असं टाइप केलं. खात्री आहे का, असं खेळाने विचारलं. हो. टायरची, म्हणजे तिच्या पात्राच्या देवाची, प्रार्थना सुरू झाली, भोवती प्रकाश झळकला, आणि खालचा आकडा ३१ वर गेला. ती खुर्चीतून उठलीच. मुंगी मात्र तिथेच होती. मग तिला तीन वारांत मारली.

याचा हिशोब समजून घ्या, कारण नवख्याला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. हिट पॉइंट पाच किंवा त्याहून कमी असतील, किंवा एकूणच्या एक सप्तमांशावर आले असतील, तरच देव त्याला संकट मानतो. सात असताना प्रार्थना केली असती तर जखमा बहुधा तशाच राहिल्या असत्या. भुकेने खालच्या ओळीत ‘वीक’ दिसू लागलं तर तेही संकट. नुसतं ‘हंग्री’ हे मोठं संकट नव्हे. पहिली प्रार्थना साधारण तीनशे चालींनंतर करा, आणि दोन प्रार्थनांमध्ये हजारेक चालींचं अंतर ठेवा. लवकर हाक मारली तर देव चिडतो. म्हणूनच तो ‘टी’चा आकडा दिसायला हवा, मी शेवटची प्रार्थना कितव्या चालीला केली ते कागदावर लिहून ठेवते. दुधाच्या हिशोबाच्या वहीत, खरं तर.

देवाचा कोटा संपला असेल तर धुळीत बोट चालवा. मोठा ‘ई’, मग वजाचं चिन्ह, म्हणजे बोटाने लिहिणं, आणि लिहायचं एल्बरेथ. स्पेलिंग ई, एल, बी, ई, आर, ई, टी, एच. एक अक्षर चुकलं तर उपयोग नाही. त्या घरात तुम्ही उभे असेपर्यंत बहुतेक प्राणी जवळून हल्ला करायला कचरतात. माणसं, म्हणजे इतर @, आणि मिनोटॉर हा बैलाच्या डोक्याचा राक्षस त्याला जुमानत नाहीत, लांबून बाण मारणारेही थांबत नाहीत. आणि त्यावर उभं राहून तुम्ही तलवार चालवली की अक्षरं पुसली जातात. जुन्या आवृत्तीत इतकं कडक नव्हतं. २०१५ च्या ३.६ पासून हे आलं. तिथे उभं राहून लढायचं नाही, श्वास घ्यायचा.

काही गोष्टींना हातच लावायचा नाही. निळं छोटं ‘ई’ म्हणजे तरंगता डोळा. तो स्वतः काहीच करत नाही, नुसता असतो. त्याला तलवार मारलीत की त्याची नजर तुम्हाला शंभरेक चालींपर्यंत थिजवू शकते, आणि तेवढ्यात कुणीही येऊन सावकाश जेवतं. लॅबमधले माझे पहिले पाच मृत्यू याच डोळ्याचे. लांबून सुरे फेकून मारा. मेल्यावर तो खा: डोळ्यांवर पट्टी बांधली की मजल्यावरची विचार करणारी सगळी जनावरं दिसू लागतात. पिवळं छोटं ‘सी’ म्हणजे कॉकाट्रिस. उघड्या हाताने शिवलात तर तुमचा दगड होतो, खाल्लात तरी होतो. मोठा ‘एफ’ म्हणजे बुरशी. ती जागची हलत नसेल तर मोल्ड असायची शक्यता मोठी, त्याच्या वाटेला जाऊ नका. हिरव्या मोल्डच्या आम्लाने चांगली धट्टीकट्टी व्हॅल्किरी एका फटक्यात जाऊ शकते, आणि तो फटका तिनेच मारलेला असतो.

खाण्याचं थोडं सांगते. व्हॅल्किरीकडे सुरुवातीला एकच फूड रेशन असतं, ते जपून ठेवा आणि मारलेल्या प्राण्यांवर गुजराण करा. तुम्ही स्वतः मारलेलं आणि तीस चालींच्या आतलं तेवढंच खा. आधीपासून पडलेलं कलेवर खाल्लं तर विषबाधा होऊ शकते आणि ती जीव घेते. वटवाघूळ खाल्लं तर गरगरायला लागतं. कुत्रा-मांजर खाऊ नका, पाप लागतं, हे खेळाचंही मत आहे. लायकेन नावाची बुरशी मात्र कधीच खराब होत नाही, ती पिशवीत ठेवा, शिदोरी म्हणून. शाकाहारी वाचकांसाठी: तुम्ही डावभर मांसाहार केला नाही याची नोंद खेळ ठेवतो, ‘कंडक्ट’ या आज्ञेने ती बघता येते, आणि लायकेन त्यात चालतं. माझ्या सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, “मग चातुर्मास पाळणारा कोण आहे त्यात?” तसा साधू आहे एक. मांस खाल्लं की त्याला अपराधी वाटतं.

अनोळखी कांडी सापडली की ती जपून ठेवायची नाही, तिने लिहून बघायचं. आधी बोटाने धुळीत एक फुली काढा. मग मोठा ‘ई’ आणि कांडीचं अक्षर. जमिनीवरून खडी उडाली तर खोदायची कांडी, अक्षरं जळून उमटली तर आगीची, जमिनीवरचे किडे हलायचे थांबले तर झोपेची किंवा मृत्यूची. फुली नाहीशी झाली तर तीन शक्यता, त्यात जागा बदलणारी कांडी एक. खोदायची कांडी हाती लागली की तुम्ही श्रीमंत: ‘झेड’, कांडीचं अक्षर, मग > दाबलं की पायाखाली भोक पडतं आणि तुम्ही खालच्या मजल्यावर. पाठलाग करणारे वर बघत बसतात. हे मी भाचीला तिसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. “नंतर बघते,” असं तिचं उत्तर होतं.

दुकानात शिरताना कुदळ बाहेर ठेवा, दुकानदार आत घेत नाही. वस्तू उचलली की भाव सांगतो, आणि भावावरूनच अंदाज बांधता येतात: ओळख पटवणारी गुंडाळी सगळ्यांत स्वस्त, मूळ भाव २०.

दुसऱ्या ते चौथ्या मजल्यांपैकी एकावर खाली जाणारे दोन जिने असतात. त्यातला एक नोमांच्या खाणीत नेतो. खोल्या नसलेली, वेडीवाकडी गुहा दिसली की तुम्ही खाणीत. ड्वार्फ असाल तर इथे बहुतेक जण शांत असतात. ‘खरंच हल्ला करायचा?’ असं खेळ विचारेल तेव्हा नाही म्हणा, शांत माणूस मारला तर नशीब फिरतं. पाचव्या ते आठव्या मजल्यादरम्यान खाणीतलं गाव लागतं, माइनटाउन. तिथे देऊळ आहे, पुजारी आहे. त्याच्याशी ‘चॅट’ करून आपल्या अनुभव-पातळीच्या चारशेपट दक्षिणा दिली की अंगावर कायमचं संरक्षण चढतं. पहिल्या पातळीवर ४०० सोन्याची नाणी, तिसरीवर १२००. म्हणून लवकर जा; मोठं झालं की महाग पडतं. आमच्याकडे अभिषेकाचे दर असे वयावर नसतात, एवढं बरं.

मुख्य भुयारात सहाव्या मजल्यापासून खाली कुठेतरी वर जाणारा जादा जिना सापडतो, तो सोकोबानचा. दगड ढकलून खड्डे बुजवायचे, चार मजले. दगड ओढता येत नाही, फक्त ढकलता येतो, त्यामुळे इथे तर पाच मिनिटं नुसतं बघत बसावं लागतं. शेवटी मिळणारं बक्षीस मोलाचं असतं. मला हा भाग सगळ्यांत आवडतो, भाचीला सगळ्यांत कंटाळवाणा वाटला.

त्याच्या खालचं मी इथे लिहिणार नाही. पंचविसाच्या पुढे मजले, मग नरक, तिथून येन्डोरचा ताईत घेऊन सगळे जिने परत चढून वर, आणि मग आपल्या देवाच्या वेदीवर तो अर्पण. पहिल्या वर्षी दहावा मजला बघितलात तरी पेढे वाटा.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी डाव उघडला तेव्हा पहिलीच ओळ आली होती: सावध राहा, आज अमावस्या आहे. खेळ संगणकाचं घड्याळ बघून तिथी काढतो. पौर्णिमेच्या आसपास खेळलात तर नशीब एकाने वाढतं, अमावस्येला कॉकाट्रिसचा फुत्कार जास्त महागात पडतो, आणि तेरा तारखेला शुक्रवार आला तर नशीब उणे होतं. त्या दिवशी प्रार्थना करू नका. भाचीने लगेच आजीचं कालनिर्णय काढून पुढची पौर्णिमा शोधली.

ती पौर्णिमेपर्यंत थांबली नाही. भाऊबीजेच्याच रात्री, मी आवराआवर करत असताना, ती सातव्या मजल्यावर पोचली. मोकळ्या खोलीत दोन निळे ‘ए’. तेव्हा चाली २०३०, म्हणजे आधीच्या प्रार्थनेला दोनशेही झाल्या नव्हत्या. तिने तरी प्रार्थना केली. टायर नाराज झाला. पुढच्या दोन कळांत दगडी थडगं पडद्यावर आलं, नाव, तारीख, मुंगीने मारलं अशी नोंद.

त्याआधी खेळ एक प्रश्न विचारतो: तुमच्याजवळच्या वस्तू ओळखून दाखवू का? याला नेहमी हो म्हणा. पुष्कळजण रागाने नाही दाबतात. तिने हो दाबलं, आणि आम्ही दोघींनी यादी वाचली. जांभळं औषध, फळांचा रस. एक गुंडाळी ओळख पटवण्याची. दुसरी, टेलिपोर्टची, म्हणजे क्षणात दुसरीकडे नेऊन सोडणारी. कांडी, खोदायची, आठ वेळा वापरता येईल एवढी.

ती यादीकडे बराच वेळ बघत राहिली. “म्हणजे पायाखाली भोक पाडून—”

“हो.”

“आणि ती गुंडाळी वाचली असती तरी—”

“हो.”

तिने डोळे चोळले, घड्याळ बघितलं. साडेअकरा झाले होते, सकाळी सातची गाडी होती. मग तिने नवा डाव उघडला, व्हॅल्किरी, ड्वार्फ, @ दाबून उचलणं बंद केलं, आणि दुधाच्या हिशोबाची वही आपल्याकडे ओढून घेतली.